तबेल्यातला वर्ग : अडलेली म्हैस, एक इंटर्न आणि शेटशी ठरलेल्या अटी

प्रकरण ठाणे जिल्ह्यातलं, शीळफाट्याच्या आतल्या बाजूच्या एका तबेल्यातलं. पात्रं तीन : पशुवैद्यक पदवीची इंटर्नशिप करणारी एक मुलगी, तिसऱ्या वेताला टेकलेली एक मुऱ्हा म्हैस आणि त्या म्हशीचा मालक. मी या पट्ट्यात मोठ्या जनावरांची प्रॅक्टिस करतो आणि इंटर्न माझ्याबरोबर फेरीला येतात. पशुवैद्यकीय शिक्षण सुधारायचा विषय निघाला की आपल्याकडे नवी महाविद्यालयं, वाढीव जागा आणि अभ्यासक्रमाची फेररचना यांवर बोलणं सुरू होतं. या प्रकरणात अडचण त्यातल्या कशातच नव्हती. मुलीचा अभ्यासक्रम पाठ होता, गुणपत्रिका उत्तम होती. तिच्या वाट्याला म्हशीच पुरेशा आल्या नव्हत्या. आणि म्हशी येत नाहीत, कारण प्रत्येक म्हैस कुणाच्या तरी मालकीची असते. शिक्षणाच्या एकाही आराखड्यात या मालकाला जागा दिलेली मी पाहिलेली नाही.

पीळ उजवा की डावा

मुंबई-ठाण्याच्या तबेल्यांचा जुना धंदा असा : व्यालेली म्हैस विकत आणायची, दूध काढायचं, आटली की गावाकडे पाठवायची किंवा विकायची. तबेल्यात वेत होणं हा अपवाद. पण चांगल्या म्हशीची किंमत लाखाच्या पुढे गेल्यापासून काही मालक तिथेच म्हशी भरवून, म्हणजे गाभण करून, घेऊ लागले आहेत. हा शेट त्यांतला. आगरी माणूस, जमिनी गेल्या तरी गुरं सोडली नाहीत.

म्हैस आदल्या संध्याकाळपासून अस्वस्थ होती. उठबस, पोटावर लाथा, वैरणीला तोंड नाही. कळा दिसत होत्या पण जोर नव्हता, आणि पाणमोट, म्हणजे गर्भजलाची पिशवी, बाहेर आली नव्हती. दूध काढणारा गडी उत्तर प्रदेशातला. त्याने दोन वाक्यांत सगळा इतिहास दिला : दर्द रातभर है, पानी नहीं निकला. एवढं ऐकलं की म्हशींत काम करणाऱ्याच्या मनात पहिला संशय गर्भाशयाच्या पिळाचा येतो. म्हशीत हा प्रकार गाईपेक्षा बराच जास्त दिसतो. पोट खोल, गर्भाशयाला धरून ठेवणारे पडदे सैल, शेवटच्या दिवसांत वासराची एक मोठी हालचाल किंवा म्हशीचं घसरणं, आणि भरलेलं गर्भाशय स्वतःभोवती फिरतं.

मुलीने हात धुतले, बाही चढवली, साबणाचा फेस लावला आणि हात आत घातला. तिला विचारलं, काय लागतंय? म्हणाली, वाट अरुंद होत गेलीय, घड्या आहेत, पीळ आहे सर. निदान बरोबर. पुढचा प्रश्न : कुठल्या बाजूचा? यावर ती थांबली. मग तिने पुस्तक म्हणून दाखवलं : बहुतेक पीळ उजवीकडचे, ग्रीवेच्या (गर्भाशयाच्या तोंडाच्या) मागचे, उपचार शाफरची फळीची पद्धत. सगळं खरं. पण ही म्हैस ‘बहुतेक’ मध्ये बसते का, ते तिच्या हाताला सांगता येत नव्हतं. पुन्हा विचारल्यावर म्हणाली, डावा वाटतोय.

मी हात घातला. वरच्या बाजूची घडी धरून बोटं पुढे नेली की हात उजवीकडे वळत खाली उतरत होता. मग गुदमार्गातून तपासलं. डाव्या बाजूचा पडदा ताणून गर्भाशयाच्या वरून उजवीकडे गेलेला, उजवा खाली ओढलेला. पीळ उजवाच.

बाजू चुकली तर काय होतं, हे सांगायला हवं. शाफरच्या पद्धतीत म्हशीला ज्या बाजूचा पीळ त्याच कुशीवर पाडतात. पुढचे दोन पाय एकत्र आणि मागचे दोन एकत्र बांधतात. लांब फळीचं एक टोक जमिनीवर टेकवून ती वरच्या कुशीवर तिरकी ठेवतात आणि तिच्यावर एक माणूस उभा राहतो. मग म्हशीला पाठीवरून दुसऱ्या कुशीवर लोळवतात. फळीच्या दाबाने गर्भाशय जागेवर राहतं आणि त्याच्याभोवती म्हैस फिरते. पिळाच्या दिशेने शरीर फिरवलं तर पीळ सुटतो, उलट दिशेने फिरवलं तर आणखी आवळतो. म्हणजे निदान शंभर टक्के बरोबर आणि दिशा चुकीची, तर उपचारानेच म्हैस मरू शकते. लेखी परीक्षेत त्या उत्तराला दहापैकी नऊ गुण मिळाले असते.

फळी तबेल्यातच मिळाली, बांधकामाच्या परांचीची. उजव्या कुशीवर पाडून लोळवलं. एकदा लोळवल्यावर मुलीला पुन्हा हात घालायला सांगितला : घड्या कमी झाल्या का, वाट रुंद झाली का? इथे शेटचा संयम संपला. आधीच तो घिरट्या घालत होता. म्हणाला, “डॉक्टर, ही शाला नाय, तबेला हाय. बाय शिकंल, पन माजी म्हस जाईल त्याचा काय?”

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पुढच्या लोळवणीला आतून पाणी आलं, पीळ सुटला, ग्रीवा हाताला उघडी लागली. वासरू ओढून काढलं, ते मेलेलं होतं. रात्रभर रक्तपुरवठा आवळलेला असताना दुसरं काही होणं कठीणच होतं. म्हैस वाचली. शेटने पैसे दिले आणि पुढच्या वेळी एकटं यायला सांगितलं.

हाताचा हिशेब

परतीच्या वाटेवर, महापे रस्त्याच्या कोंडीत, मुलीला विचारलं की गाभण म्हशीत याआधी किती वेळा हात घातलास? तिचं उत्तर बहुतेक इंटर्न देतात तेच होतं. शिकवणीच्या जनावरांवर तुकडीतल्या प्रत्येकाची पाळी येते, पाळी आली की मिनिट-दोन मिनिटं मिळतात, आणि सर सांगतात ते लागल्यासारखं वाटतं. ती हिंगोलीकडच्या शेतकरी घरातली, घरी बैल आणि गाय. जनावराची भीती तिला नव्हती. सवय नव्हती ती आतल्या अंधारात बोटांनी बघायची.

यात कुणा एका महाविद्यालयाचा आळस शोधायला जाऊ नये. गणितच तसं आहे. एका जनावराच्या गुदाशयात ओळीने अनेक हात गेले की ते सुजतं, हवा भरून कडक होतं, हातमोज्याला रक्त लागतं. मग चांगला शिक्षक तिथेच थांबतो, थांबलाच पाहिजे. साठ-सत्तर मुलांची तुकडी आणि दावणीला दहा-बारा जनावरं अशी कल्पना करा आणि एका मुलाला वर्षभरात किती मिनिटं मिळतील ते बघा. जागा दुप्पट केल्या आणि दावण तीच राहिली तर ती मिनिटं निम्मी होतात. म्हणून वाढीव जागांची घोषणा ऐकली की मला आनंदाआधी त्या दावणीची आठवण येते.

अर्थात माणसांची गरज खरी आहे. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ साली दर ५,००० गुरांमागे एक पशुवैद्यक हवा असं सुचवलं होतं. २०१९च्या विसाव्या पशुगणनेत महाराष्ट्रात ३ कोटी ३० लाखांच्या घरात पशुधन मोजलं गेलं. राज्यातली पशुवैद्यकीय महाविद्यालयं नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात. परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ ही त्यांतली जुनी नावं. पदवी साडेपाच वर्षांची. भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या २०१६च्या नियमांपासून त्यातलं शेवटचं पूर्ण वर्ष इंटर्नशिपचं आहे. त्याआधीच्या, २००८च्या नियमांत इंटर्नशिप सहा महिन्यांची होती. कागदावर ही फार मोठी सुधारणा आहे. हातात मात्र वर्ष मिळालं, म्हशी तेवढ्याच राहिल्या.

मुंबईपुरता आणखी एक पेच आहे. परळचं महाविद्यालय १८८६ साली सुरू झालं ते बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयाच्या शेजारी. लोक त्या रुग्णालयाला आजही बैलघोडा म्हणतात, आणि त्या नावातच त्या काळचा रुग्ण सापडतो. तेव्हा मुंबईत ट्राम घोड्यांनी ओढली जात होती, माल बैलगाडीने जात होता. शिकणाऱ्याला रुग्ण शोधत फिरावं लागत नव्हतं, रुग्ण दारात येत होता. १९०५ साली घोड्यांची ट्राम थांबली. १९४९ साली आरे वसाहत उभी राहिली आणि शहरातल्या म्हशी गोरेगावच्या जंगलाकडे जाऊ लागल्या. आता शहरातल्या कुठल्याही पशुरुग्णालयाच्या रांगेत बघा : लॅब्रॅडॉर, पर्शियन मांजर, भटकं कुत्रं. श्वानचिकित्सा शिकायला याहून चांगली जागा नाही. पण ज्याला पुढे स्पर्धा परीक्षा देऊन मुरबाड किंवा शहापूरच्या दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी म्हणून बसायचं आहे, त्याच्या रुग्ण-म्हशी आता कल्याण, भिवंडी, शीळ-डायघर या बाजूला आहेत. रुग्ण सरकले, वर्ग जागेवरच राहिले.

शेटच्या अटी

आठवडाभराने मी एकटाच तबेल्यावर गेलो. म्हैस दुधाला लागली होती, पण वासरू नसल्याने पान्हा सोडायला कुरकुर करत होती. चहा झाला. मी थेट विचारलं : इंटर्नला तुमच्या म्हशींवर हात बसवू दिलात तर तुम्हाला काय द्यायचं?

हा प्रश्न त्याला याआधी कुणी विचारलेला नव्हता. आजवर डॉक्टर पोरं घेऊन येत आणि मालकाने ते भल्या मनाने चालवून घ्यावं अशी अपेक्षा असे. शेटने फार वेळ घेतला नाही. त्याचं दुखणं अडलेली म्हैस नव्हतंच. त्याचं दुखणं होतं रिकामी म्हैस. कृत्रिम रेतन करून घ्यायचं, म्हैस फिरली नाही, म्हणजे पुन्हा माजावर आली नाही, म्हणून गाभण धरायची, आणि चार-पाच महिन्यांनी कळायचं की ती रिकामीच आहे. म्हशीचा माज बऱ्याचदा मुका, म्हणजे लक्षणं न दाखवणारा, असतो, उन्हाळ्यात तर जास्तच. फिरली नाही याचा अर्थ गाभण राहिली असा होत नाही. तोवर पेंड, सरकी, हिरवा चारा, सगळं अंगावर. मुंबईच्या तोंडाशी चारा विकत घेणाऱ्या माणसाला हा तोटा दुधाच्या दरापेक्षा जास्त खातो.

म्हणजे त्याला हवी होती नियमित गाभण-तपासणी. आणि शिकणाऱ्याला पीळ ओळखण्याआधी नेमकी हीच शंभर वेळा करायची असते : साधं, निरोगी, रिकामं किंवा भरलेलं गर्भाशय हाताला ओळखीचं करून घेणं. ज्याला सरळ गर्भाशय माहीत नाही त्याला पिळलेलं कसं कळणार? दोन गरजा एकमेकींत बसल्या. जमलं ते यामुळे, माझ्या समजावण्याने नव्हे.

अटी तोंडी ठरल्या, नंतर मी एका कागदावर उतरवून त्याची सही घेतली. दर महिन्याला दावणीतल्या भरवलेल्या सगळ्या म्हशी तपासायच्या, फी नाही. प्रत्येक म्हशीत आधी माझा हात, मग फक्त एका इंटर्नचा. हातमोज्याला रक्त दिसलं की त्या म्हशीपुरतं काम बंद. अडलेल्या म्हशीत, म्हणजे जिवाच्या प्रसंगात, मालक नाही म्हणाला तर इंटर्नने बाजूला उभं राहायचं, वाद घालायचा नाही. शेवटची अट शेटने घातली आणि तिच्यावर तो ठाम होता : मोबाइल बाहेर. व्हिडिओ काढून कुणी तरी टाकेल आणि उद्या महापालिकेचा माणूस किंवा प्राणिमित्र दारात उभा राहील, ही त्याची भीती. मला ती अट मनापासून आवडली.

बदल्यात मी दोन गोष्टी मागितल्या. एक, खोडा, म्हणजे जनावर उभं धरून ठेवणारी चौकट. दावणीला उभ्या म्हशीत नवशिक्याने हात घालणं म्हणजे लाथेला आमंत्रण. डायघरच्या फॅब्रिकेटरने भंगारातल्या जीआय पाइपांचा खोडा करून दिला, निम्मा खर्च शेटचा. दुसरी, वेळ. तबेल्यात दूध पहाटे दोन-तीनला निघतं आणि दुपारी दोन-तीनला पुन्हा. सकाळचं दूध गेलं, शेण काढून झालं की सात ते दहा जनावर शांत उभं रवंथ करतं. तपासणी तेव्हाच. इंटर्नशिपचं वेळापत्रक मात्र दहाला सुरू होतं. त्यामुळे मुलांना पहाटेची लोकल पकडून दिव्याला किंवा मुंब्र्याला उतरावं लागलं, आणि पहिले काही दिवस हजेरीची सही हा स्वतंत्र विषय झाला. एका शिक्षकाने ते प्रकरण अंगावर घेतलं आणि हजेरी तबेल्यातच लागू लागली. त्यांच्याशिवाय हे पुढे गेलं नसतं.

शिकवण्याची पद्धत अगदी साधी ठेवली. माझा हात आधी जातो, पण मी बोलत नाही. इंटर्न हात घालतो, बाहेर काढतो आणि चिठ्ठीवर लिहितो : गाभण की रिकामी, किती महिने, गर्भ गर्भाशयाच्या उजव्या शिंगात (फाट्यात) की डाव्या, अंडाशयावर काय लागलं. चिठ्ठी माझ्या खिशात गेल्यावरच मी माझं सांगतो. मतभेद असेल तर सोनोग्राफीचं छोटं यंत्र लावून बघतो. या चिठ्ठीने खूप काही उघडं पाडलं. सरांनी आधी सांगितलं की प्रत्येकाच्या हाताला तेच लागतं. आधी लिहून द्यायचं म्हटलं की हात खरं बोलायला लागतो. ‘कळलं नाही’ असं लिहायला परवानगी होती, आणि सुरुवातीला निम्म्या चिठ्ठ्यांवर तेच असायचं. मला त्या चिठ्ठ्या सर्वांत उपयोगी वाटल्या.

एक जागा सगळ्यांची चुकत होती. म्हशीचं अंडाशय गाईपेक्षा लहान, आणि पीतपिंड (बीज सुटल्यावर अंडाशयावर तयार होणारी गाठ) त्यात इतका रुतलेला की वर उंचवटा फारसा जाणवत नाही. मुलांनी वाचलेली प्रसूतिशास्त्राची जाडजूड इंग्रजी पुस्तकं मुख्यतः गाईवर लिहिलेली. गाईचा पीतपिंड शोधणारं बोट म्हशीच्या अंडाशयावरून घसरून पुढे जातं आणि ‘काही नाही’ म्हणून येतं. पुस्तकातली ही गाय बोटातून काढायला बरेच दिवस लागतात.

इतिहास घेणं हा दुसरा धडा आपोआप झाला. म्हैस माजावर कधी होती हे शेटला माहीत नसतं, ते दूध काढणाऱ्या भय्याला माहीत असतं. दूध अचानक एक-दोन लिटरने घटलं, म्हैस ओरडली, बसल्यावर खाली सोट (माजाचा चिकट स्राव) दिसला, हे तो रोज बघतो पण विचारल्याशिवाय सांगत नाही. विदर्भ-मराठवाड्यातून आलेली मुलं भोजपुरी वळणाच्या हिंदीला आधी बिचकायची. हिंगोलीची मुलगी यात सगळ्यांच्या पुढे गेली. ती गड्यांबरोबर बसून चहा प्यायची, आणि तिच्या चिठ्ठीवर हाताने कळलेल्याच्या खाली कानाने कळलेलंही असायचं.

ताडपत्रीचा पीळ

गाभण-तपासणीने सरळ गर्भाशय ओळखीचं झालं. पीळ मात्र मागून मिळत नाही, आणि मिळतो तेव्हा मालकाचा जीव टांगणीला असतो. म्हणून तो बनवावा लागला.

परदेशी महाविद्यालयांत यासाठी यंत्रं आहेत. ब्रिटनमध्ये सारा बेली या पशुवैद्यक संशोधिकेने तयार केलेली ‘हॅप्टिक काऊ’ प्रसिद्ध आहे. विद्यार्थी बोट एका लहानशा टोपणात घालतो, संगणक त्या बोटाला गर्भाशयाचा स्पर्श भासवतो आणि शिक्षक पडद्यावर बघतो की बोट नेमकं कुठे आहे. उत्तम कल्पना. आमच्या कामाला त्यातला एकच भाग हवा होता : पीळ कुठल्या बाजूचा हे बोटांनी ठरवणं. त्याला संगणक लागत नाही.

जांभळी नाक्यावरून पावसाळी ताडपत्री आणि पातळ रेक्झिन आणलं. शिंप्याकडून हाताच्या लांबीची बाही शिवून घेतली, आतल्या बाजूला लांबीत उभ्या टिपा मारून घड्या उठवलेल्या. प्लायवूडच्या खोक्याला पुढे गोल भोक, त्याला बाहीचं एक तोंड ठोकलं. दुसरं तोंड एका कड्याला शिवलं आणि कड्याचा दांडा खोक्याच्या मागून बाहेर काढला. दांडा फिरवला की बाही पिळते : पाव वळसा, अर्धा, पाऊण, डावा, उजवा. वरून दोन पट्टे सोडले, गर्भाशयाच्या पडद्यांच्या जागी. बाहीत साबणाचं पाणी ओतलं. मागे एक जण दांडा फिरवतो, पुढे दुसरा डोळे मिटून हात घालतो आणि सांगतो.

या खोक्यात ऊब नाही, कळ नाही, वासराची खुरं नाहीत, आणि म्हैस मध्येच बसत नाही. तरीही वरची घडी धरून हात कुठे वळतो हे मनगटात भिनायला ते पुरतं. पहिल्या बैठकीत मुलं जवळपास अंदाजाने बोलत होती. काही बैठकींनंतर चुका मुख्यतः पाव वळशाच्या पिळात उरल्या, आणि तिथे जाणताही अडखळतो. प्रत्यक्ष अवयवांवरही सराव झाला. देवनारच्या कत्तलखान्यातून मिळणारी जननेंद्रियं शिकवणीत वापरणं जुनंच आहे. राज्यात गाईच्या कत्तलीला आधीपासूनच (आणि २०१५पासून बैलांच्याही) बंदी असल्याने ती म्हशीचीच असतात, आणि आमच्या दृष्टीने ते बरंच होतं.

परीक्षा घ्यायचं ठरलं तेव्हा मानवी वैद्यकातली एक पद्धत उचलली. डंडी विद्यापीठात रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली मांडलेली : ठरावीक वेळेची अनेक ठाणी, प्रत्येक ठाण्यावर एक कृती, प्रत्येकाला तीच कृती आणि तेच गुणांचे निकष. एका ठाण्यावर पिळाचा खोका, एकावर म्हशीचे पाय बांधायची गाठ, एकावर गोठवलेल्या वीर्याची कांडी ३७ अंशांच्या पाण्यात वितळवून रेतनाच्या गनमध्ये भरणं, एकावर मालकाला ‘म्हैस वाचेल, वासराची खात्री नाही’ हे सांगणं. शेवटच्या ठाण्यावर मालकाच्या भूमिकेत शेट स्वतः बसला होता. सर्वांत कमी गुण त्यानेच दिले.

जार, हातमोजे आणि सुई

पिळाच्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली होती, जी शेटच्या रागात झाकली गेली. वासरू ओढताना भय्याने उघड्या हातांनी पाय धरले. मुलीचा हातमोजा कोपराशी फाटलेला होता आणि तिने तो बदलला नाही. नंतर जार, म्हणजे वासरामागून पडणारी वार, पडला, तो कुणी तरी पायाने गटाराकडे सरकवला.

जागतिक पशुआरोग्य संघटनेने २०१२ साली पदवीधर पशुवैद्यकाला पहिल्या दिवशी काय यायला हवं याची यादी काढली. त्या यादीत शस्त्रक्रियेपेक्षा जास्त भर आहे तो जनावरांकडून माणसाला होणारे आजार, साथी ओळखणं आणि त्यांची खबर देणं यावर. तबेल्यात उभं राहिलं की त्याचं कारण कळतं. सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेलोसिस, हा पशुवैद्यकाचा व्यवसायजन्य आजार आहे. जार, गर्भजल, मेलेलं वासरू यांतून तो हाताच्या खरचटीवाटे शिरतो. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय रोगनियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना त्याची लस टोचतात. ती जिवंत लस आहे, टोचताना सुई स्वतःला लागली तर टोचणाराच आजारी पडू शकतो. हे वाक्य प्रत्येक इंटर्नला येतं. सुई टोचून झाल्यावर टोपण परत लावायला जाणाराही प्रत्येक इंटर्नच असतो.

रेबीजचं तेच. म्हैस लाळ गाळतेय, गिळता येत नाही, म्हणजे घशात काही अडकलं असेल म्हणून तोंडात हात घालणं ही आपल्याकडची फार जुनी आणि फार महागात पडणारी सवय. शीळ-डायघरच्या तबेल्यांभोवती भटकी कुत्री कायम असतात. त्यामुळे माझी एक अट शेटच्या कागदात नव्हती पण मुलांच्या कागदात होती : रेबीजची प्रतिबंधक लस आधी पूर्ण झाल्याशिवाय फेरीला यायचं नाही. आणि जार पुरायचा, चुना टाकून, खड्डा इंटर्नने काढायचा.

पुढे काय झालं

हिंगोलीच्या मुलीचा माझ्याबरोबरचा काळ संपायच्या थोडं आधी भिवंडीकडच्या एका गोठ्यातून रात्री फोन आला. तिने हात घातला, वेळ घेतला, आणि चिठ्ठी मागितली. लिहिलं : उजवा, अर्ध्याहून जास्त, ग्रीवा लागत नाही. माझंही तेच होतं. तीन-चारदा लोळवूनही तो पीळ सुटला नाही. आजार दीड दिवसाहून जुना होता, गर्भाशय चिकटलं होतं. सिझेरियन करावं लागलं. शिकून कितीही तयार झालं तरी उशिरा आलेल्या फोनला उपाय नसतो, आणि मालकाने फोन लवकर करावा हे शिकवायला आमच्याकडे खोका नाही.

शेटच्या दावणीत रिकाम्या म्हशी आता लवकर कळतात, म्हणून तो करार टिकवून आहे. त्याचं ऐकून शेजारच्या एकाने तयारी दाखवली आणि नंतर अंग काढून घेतलं. तपासणीनंतर एका म्हशीचं दूध दोन दिवस उतरलं होतं. हात घातल्याने उतरलं की नवी पेंड लागली म्हणून, ते सांगता येणार नाही, पण त्याला समजावायला मी गेलो नाही. ज्याचं जनावर त्याने ठरवावं.

जे सुटलेलं नाही ते पैशाचं आहे. इंटर्नच्या हाताखाली म्हैस दगावली तर भरपाई कुणाची? कायद्याने उपचाराची जबाबदारी नोंदणीकृत पशुवैद्यकावर, म्हणजे इथे माझ्यावर. मालकाच्या विम्यात शिकवणीचा उल्लेख नाही. प्रॅक्टिस करणाऱ्या पशुवैद्यकाची सकाळ यात जाते, तिचं मानधन कुठल्याच खात्यात बसत नाही. मी आणि आणखी दोघं करतो आहोत ते आवडीने. आवडीवर एका तुकडीचं भागेल, पाच महाविद्यालयांचं नाही. माझ्या मते नव्या इमारतीच्या खर्चातला लहानसा हिस्सा जरी अशा तबेल्यांच्या तपासणी-फीवर, जनावरांच्या विम्यावर आणि बाहेरच्या शिक्षकांच्या मानधनावर लावला, तर त्यातून जास्त तयार हात निघतील. त्या मजकुराचं एक पत्र आम्ही दिलं आहे.

तोवर सिझेरियनला इंटर्न मदतीला उभा राहतो, सुरी माझ्या हातात असते. नव्या तुकडीचं वेळापत्रक परवा आलं. तबेल्याची वेळ त्यात पुन्हा दहा ते पाच छापली आहे, ती बदलून घ्यायला सोमवारी जायचं आहे.